गाळात रुतले, म्हणून वाचले!

युरोपच्या सहलीत बेल्जियमच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. पॅरिसहून अ‍ॅमस्टरडॅमकडे निघालेली बस वाटेत ब्रसेल्सला थांबते, प्रवासी अ‍ॅटोमियमसमोर छायाचित्र काढतात, चॉकलेटची खरेदी उरकतात आणि पुन्हा बसमध्ये बसतात. ब्रसेल्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे आठवडाभर मुक्काम असल्याने आम्हाला ही घाई नव्हती. तेव्हा एक बुधवार मोकळा काढून आई, पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलीसह आगगाडीने ब्रुजला जाऊन यायचे ठरले. सकाळी जायचे आणि रात्री परतायचे. आईचे गुडघे दुखरे, मुलीला दर तासाला भूक लागणार आणि पत्नीला मायकेलअँजेलोचे शिल्प पाहायचेच होते. या तिन्ही गोष्टी सांभाळतील असे शहर निवडताना बहिणीने फारसा विचार केला नाही. ‘ब्रुजला जा, सगळे चालत होते,’ एवढेच ती म्हणाली.

ब्रसेल्स ते ब्रुज हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आणि प्रवास साधारण तासाभराचा. देशांतर्गत गाड्यांत जागा राखून ठेवण्याची पद्धत नाही. तिकीट घ्यावे आणि येईल त्या गाडीत बसावे. मुलीला तिकीटच लागले नाही. गाडी डाव्या रुळावरून धावू लागली तेव्हा रस्त्यावरची उजवीकडची वाहतूक पाहून गोंधळलेल्या आईला एकदम घरच्यासारखे वाटले. बेल्जियममध्ये मोटारी उजवीकडून आणि आगगाड्या मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून धावतात. रेल्वेच्या बाबतीत हा देश आपल्यापेक्षा थोडाच वडीलधारा. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवर वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी ५ मे १८३५ रोजी ब्रसेल्स ते मेशेलेन या मार्गावर धावली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली गाडी त्यानंतर अठरा वर्षांनी, १८५३ मध्ये. ब्रुजला रेल्वे पोहोचली ती १८३८ मध्ये, म्हणजे हे शहर अगदी विपन्नावस्थेत असताना. त्याकडे पुढे वळूच.

गाडीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ब्रसेल्समध्ये सर्व पाट्या व घोषणा फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत असतात. गाडीने शहराची हद्द ओलांडून फ्लांडर्समध्ये प्रवेश केला की फ्रेंच नाहीशी होते. गावांची नावेसुद्धा बदलतात. फ्रेंचमधील ‘गाँ’ म्हणजे डचमधील ‘गेंट’, ‘मोंस’चे होते ‘बेर्खन’, तर ‘लिएज’चे ‘लौक’. आपण ज्याला ब्रुज म्हणतो ते फ्रेंच नाव इंग्रजीमार्गे आपल्याकडे आले आहे. स्थानिक लोक घशातून ‘ब्रुख्ख’ असा काहीसा उच्चार करतात आणि स्थानकावर पाटीही त्याच नावाची दिसते. ही भाषिक सीमारेषा १९६२-६३ मध्ये कायद्याने आखण्यात आली आणि तिच्यावरून या देशात सरकारेही कोसळली आहेत. बेळगाव-निपाणीच्या बातम्या वाचत लहानाचे मोठे झालेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये.

ब्रुजमध्ये तर उच्चाराने जीव गेल्याची कथा सांगितली जाते. १८ मे १३०२ च्या पहाटे येथील नागरिकांनी फ्रेंच राजाच्या शिबंदीवर हल्ला केला. अंधारात आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्यासाठी ‘ढाल आणि मित्र’ अशा अर्थाचे दोन फ्लेमिश शब्द म्हणायला लावले जात. त्यातील घशातला आवाज फ्रेंच माणसाला काढता येत नसे. उच्चार चुकला की मृत्यू, अशी परंपरा आहे. पुढे ११ जुलैला कोर्त्रैकच्या रणांगणावर फ्लेमिश विणकर-कसायांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांचा पराभव केला. तो दिवस आजही फ्लांडर्सचा अधिकृत सण आहे. शहराच्या मध्यवर्ती चौकात उभे असलेले दोन पुतळे त्या उठावाच्या पुढाऱ्यांचे, विणकर पीटर दे कोनिंक आणि कसाई यान ब्राइडेल यांचे.

स्थानक जुन्या शहराच्या दक्षिणेला, अगदी कडेला आहे. नकाशावर पाहिल्यास जुने ब्रुज अंड्याच्या आकाराचे दिसते. भोवती पाण्याचा खंदक आणि आत कालव्यांचे जाळे. मध्यवर्ती चौक चालत वीसेक मिनिटांवर असला, तरी सरळ तिकडे जाणे ही चूक ठरते. आधी डावी-उजवी गल्ली घेत मिन्नेवाटर नावाच्या तलावावर जावे आणि तेथून बेखाइनहोफमध्ये शिरावे. आईला सर्वांत आवडलेले ठिकाण हेच.

बेखाइनहोफ म्हणजे पांढऱ्याशुभ्र घरांनी वेढलेले, उंच झाडांचे एक शांत अंगण. १२४५ च्या सुमारास फ्लांडर्सच्या काउंटेस मार्गारेट यांच्या आश्रयाने ते वसले. येथे राहणाऱ्या बेगीन स्त्रिया धार्मिक जीवन जगत, पण त्या जोगिणी नव्हत्या. आजन्म व्रताची शपथ त्यांना नसे. स्वतःची मालमत्ता ठेवता येई, विणकाम किंवा रुग्णसेवा करून पोट भरता येई आणि मन बदलले तर बाहेर पडून लग्नही करता येई. बापाच्या, नवऱ्याच्या किंवा मठाच्या छत्राखाली नसलेली स्त्री ही कल्पनाच त्या काळी समाजाला रुचणारी नव्हती आणि चर्चनेही बेगिनांकडे कित्येकदा संशयाने पाहिले. फ्लांडर्समध्ये मात्र त्यांच्या वसाहती सातशेहून अधिक वर्षे टिकल्या. जगातील शेवटची बेगीन मानल्या गेलेल्या मार्सेला पातैन यांचे निधन कोर्त्रैक येथे २०१३ मध्ये झाले. ब्रुजच्या या वास्तूत १९२७ पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या भगिनी राहतात. आई एका बाकावर अर्धा तास बसून राहिली. उठताना म्हणाली, ‘आपल्याकडे अशी सोय असती तर तुझी आत्या सुखाने जगली असती.’ आमच्या घरात या आत्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

तलावातल्या हंसांचीही एक कथा आहे. १४८८ मध्ये ब्रुजच्या नागरिकांनी बंड करून आपला राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याला चौकातील एका घरात कोंडून ठेवले आणि त्याचा विश्वासू अधिकारी पीटर लांखाल्स याचा शिरच्छेद केला. लांखाल्स या नावात ‘लांब मान’ असा अर्थ निघतो. सुटका झाल्यावर मॅक्सिमिलियनने शहराला शिक्षा फर्मावली, की यापुढे लांब मानेचे पक्षी कायमचे पोसा! ही दंतकथा बऱ्याच नंतरची आहे, पण कैद आणि शिरच्छेद हा इतिहास आहे. शिवाय शहराला झालेली खरी शिक्षा हंसांची नव्हतीच.

सराईच्या दारातला बाजार

ती समजून घेण्यासाठी ब्रुज श्रीमंत कसे झाले ते पाहावे लागते. शहर समुद्रकिनाऱ्यावर नाही. समुद्र येथून सुमारे पंधरा किलोमीटर दूर आहे. ११३४ च्या मोठ्या वादळाने किनारा फोडून आत एक खाडी रुंद केली, असे सांगतात. तिचे नाव झ्विन. या खाडीने डामपर्यंत पाणी आणले, तेथून ब्रुजपर्यंत कालवा खोदण्यात आला आणि शहराला समुद्राचे दार मिळाले. १२७७ मध्ये जिनोआची जहाजे जिब्राल्टरला वळसा घालून थेट येथे आली. पाठोपाठ व्हेनिसचे व्यापारी आले. इंग्लंडची लोकर, बाल्टिकचे फर आणि मेण, पोर्तुगाल-स्पेनची फळे, भूमध्यसागरातून आलेले पूर्वेचे मसाले असा सारा माल येथे एकमेकांना भेटत असे. भारतातील हिरेही व्हेनिसमार्गे ज्या शहरांत पोहोचत त्यांत ब्रुज होते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत युरोपातील हिरे मुख्यतः आपल्याच देशातून येत.

चौकातून उत्तरेकडे गेलेल्या व्लामिंग रस्त्यावर एक जुने घर आहे. पर्यटकांपैकी शंभरातले नव्वद त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. येथे व्हान डर ब्युर्झे नावाच्या कुटुंबाची सराई होती. परदेशी व्यापाऱ्याने येथे उतरायचे, तळघरात माल ठेवायचा, पैसे मालकाच्या हवाली करायचे आणि त्याच्याच मध्यस्थीने सौदा करायचा, अशी पद्धत होती. सराईवाला हाच दलाल, तोच जामीन आणि तोच सावकार. जिनोआ, व्हेनिस आणि फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या याच परिसरात होत्या. त्यामुळे सराईसमोरच्या मोकळ्या जागेत रोज व्यापारी जमू लागले. माल समोर नसतानाही भाव ठरू लागले, आणि आपल्या हुंडीसारख्या विनिमयपत्रांची देवघेव होऊ लागली. ‘ब्युर्झेकडे जातो’ म्हणजे बाजारात जातो, असा अर्थ रूढ झाला. फ्रेंचमधील ‘बुर्स’, जर्मनमधील ‘ब्योर्झ’, इटालियनमधील ‘बोर्सा’ हे शेअर बाजाराचे शब्द याच घराण्याच्या नावाशी जोडले जातात. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘भारत डायमंड बोर्स’च्या पाटीवरचा शेवटचा शब्द थेट या गल्लीतून आला आहे. मुंबईत त्या इमारतीवरून अनेकदा गेलो असूनही, हा शब्द एका खानावळवाल्याचे आडनाव आहे हे ब्रुजला उभे राहीपर्यंत माहीत नव्हते, हे कबूल केलेले बरे.

मग हे वैभव गेले कुठे? मार्गदर्शक पुस्तकांत एका वाक्याचे उत्तर असते, की झ्विन खाडी गाळाने भरली. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खाडीत भरतीबरोबर गाळ येतोच. ओहोटीचे पाणी जोराने परत जाताना तो खरवडून नेते. हा जोर अवलंबून असतो तो खाडीत किती पाणी शिरते यावर. काठावरच्या खारपड जमिनी बांध घालून शेतीखाली आणल्या गेल्या, तसतशी पाण्याला पसरायला जागा उरली नाही. भरतीचे पाणी कमी झाले, ओहोटीचा जोर घटला आणि गाळ तळाशी बसू लागला. जमीन मिळाली आणि बंदर गेले. मोठी जहाजे आधी डामपर्यंत येत, पुढे ती स्लौसलाच थांबू लागली आणि माल होड्यांतून आणावा लागला. सोपारा आणि चौल ही बंदरे गमावलेल्या कोकणाला ही कहाणी परकी वाटणार नाही.

तरीही निव्वळ गाळाने शहर मरत नाही. अँटवर्पने इंग्लंडच्या स्वस्त कापडाला आपले दार उघडले, तेव्हा ब्रुजवर फ्लेमिश विणकरांच्या हितासाठी ते कापड बाहेर ठेवण्याचे दडपण होते. त्यात १४८८ ची ती कैद. मॅक्सिमिलियनने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्पला जाण्याचे फर्मान काढले. काही वर्षांनी अनेक जण परत आले खरे, पण पेढी एकदा हलली की हलली. सोळाव्या शतकात अँटवर्प युरोपची बाजारपेठ बनले आणि तेथे खास शेअर बाजारासाठी इमारत उभी राहिली. सराई मागे राहिली, तिचे नाव पुढे गेले.

पुढची तीन शतके ब्रुजमध्ये फारसे काही घडलेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते बेल्जियममधील अतिशय गरीब शहरांपैकी एक होते. हजारो स्त्रिया व मुली अंधाऱ्या खोल्यांत तुटपुंज्या मजुरीवर लेस विणत. आज दुकानांच्या काचेमागे ‘परंपरा’ म्हणून दिसणारी ती नाजूक जाळी दारिद्र्यातून आली आहे. गेंटमध्ये सूतगिरण्यांची धुराडी उभी राहत असताना ब्रुजकडे जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच नव्हता. शहर जसेच्या तसे उरले ते केवळ या कारणाने. १८९२ मध्ये जॉर्ज रोडेनबाख यांची ‘ब्रुज-ला-मोर्त’ म्हणजे ‘मृत ब्रुज’ ही फ्रेंच कादंबरी आली आणि हे निर्जीव शहर पाहायला युरोपातून लोक येऊ लागले. स्थानिकांना हे नाव मुळीच रुचले नाही. त्यांना नवे बंदर हवे होते. ते १९०७ मध्ये किनाऱ्यावर सुरू झाले. झेब्रुख, म्हणजे समुद्रावरचे ब्रुज.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. येथे दिसणारे सारेच मध्ययुगीन नाही. चौकाच्या एका बाजूचा भव्य, टोकदार मनोऱ्यांचा प्रांतिक प्रासाद पाहून मुलीने ‘हा राजाचा किल्ला का?’ असे विचारले. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला आहे. दोन वीरांचे पुतळे १८८७ चे. १८७७ पासून नगरपालिका जुन्या धाटणीने घरे दुरुस्त करणाऱ्यांना अनुदान देऊ लागली आणि कित्येक दर्शनी भिंती ‘मूळच्यापेक्षा अधिक गॉथिक’ झाल्या. अर्थात घंटाघर मात्र खरोखर जुने. ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या, वर ४७ घंटांचा संच. पत्नी आणि मुलगी वर गेल्या. आई आणि मी खाली बुधवारच्या आठवडी बाजारात चीज आणि फुले पाहत फिरलो.

फोडी कशात तळतात?

येथे शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. बटाट्याच्या तळलेल्या फोडी हा बेल्जियमचा अभिमान. कागदी द्रोणात गरमागरम मिळतात, मुलांना आवडतात आणि स्वस्तात पोट भरते. आईने दोन फोडी तोंडात टाकल्यावर शंका आली म्हणून विक्रेत्याला विचारले. त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले, की आम्ही पारंपरिक पद्धतीने, बैलाच्या चरबीतच तळतो. आईने द्रोण शांतपणे बाजूला ठेवला आणि पाण्याने चूळ भरली. त्यानंतर दिवसभर ती आमच्याशी नीट बोलली नाही. राग विक्रेत्यावर नव्हता, आधी चौकशी न करणाऱ्या मुलावर होता, आणि तो योग्यच होता. वनस्पती तेलात तळणारी दुकानेही या देशात आहेत, पण विचारावे लागते. ‘मांस आहे का’ असा प्रश्न पुरेसा नाही, ‘कशात तळता’ असे विचारावे. वॅफलमध्ये अंडे असते, हेही लक्षात असू द्यावे. फळे, पाव, चीज आणि घरून नेलेले धपाटे यांवर आईचा दिवस निभावला.

दुपारी कालव्यातून नौकाविहार झाला. अर्ध्या तासाची ही फेरी गुडघेदुखीच्या प्रवाशांसाठी उत्तम. हिवाळ्यात मात्र ती बंद असते. ‘उत्तरेचे व्हेनिस’ हे बिरुद कंटाळा येईपर्यंत ऐकू येते. व्हेनिसमध्ये पाणी हाच रस्ता आहे, येथे ते घरांच्या मागच्या अंगाने वाहते, त्यामुळे तुलनेत अर्थ नाही. सेंट जॉन रुग्णालयाची बाराव्या शतकातील वास्तू आणि तेथील हान्स मेमलिंगची चित्रे आम्ही धावतच पाहिली. ती धावत पाहण्याची नव्हेत.

मायकेलअँजेलोची ‘मॅडोना’ आहे ती अवर लेडी चर्चमध्ये, ११५ मीटर उंचीच्या विटांच्या मनोऱ्याखाली. इटालियन सरदारांसाठी घडविलेली नव्हे, तर ब्रुजच्या एका कापड व्यापारी घराण्याने विकत घेतलेली. मायकेलअँजेलोच्या हयातीत इटलीबाहेर गेलेले हे त्याचे शिल्प. माता बाळाकडे पाहत नाही, बाळ तिच्या गुडघ्यातून निसटून पुढे पाऊल टाकू पाहते. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतिकारकांनी ते पॅरिसला नेले, नेपोलियनच्या पराभवानंतर ते परत आले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते गाद्यांत गुंडाळून, रेड क्रॉसच्या ट्रकमधून पळविले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत ते सापडले. गरिबीमुळे घरे वाचली, पण ही मूर्ती दोनदा नशिबानेच परतली.

सायंकाळी पाचच्या सुमारास एक बदल जाणवला. झेंडा उंच धरलेले मार्गदर्शक आपापल्या तांड्यांना घेऊन बसकडे निघाले आणि गल्ल्या मोकळ्या झाल्या. ब्रुज नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे एक लाख वीस हजार. त्यांपैकी जुन्या अंडाकृती भागात राहतात वीसेक हजारच. करोनापूर्वी येथे वर्षाला ऐंशी लाखांहून अधिक पाहुणे येत आणि त्यांतील बहुसंख्य आमच्यासारखे, सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे. असा पाहुणा गर्दी करतो, कचरा करतो आणि एक द्रोण फोडी व चॉकलेटचा डबा एवढाच खर्च करतो, ही येथील जुनी तक्रार. वाण्याच्या, चांभाराच्या दुकानांची जागा वॅफलची दुकाने घेतात, ही दुसरी. जुन्या शहरात नवी हॉटेले आणि सुट्टीतली भाड्याची घरे यांवर पालिकेने निर्बंध घातले आहेत. २०१९ मध्ये महापौरांनी एक दिवसाच्या सहलींची जाहिरात थांबविण्याचे आणि झेब्रुखला येणाऱ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा घालण्याचे जाहीर केले. दे हाल्वे मान या मद्यनिर्मिती कारखान्याने तर २०१६ मध्ये जमिनीखालून तीनेक किलोमीटरची बिअरची नळवाहिनीच टाकली, दगडी रस्त्यांवरून टँकर नेऊ नयेत म्हणून. कारखान्याला शहर सोडायचे नव्हते.

हे सारे एका बाकावर बसून पत्नीला सांगत होतो, तेव्हा तिने विचारले, ‘म्हणजे आपण आज इथे यायलाच नको होते?’ उत्तर सुचले नाही. मुक्काम करावा, कमी गर्दीच्या महिन्यांत यावे, पूर्वेकडच्या तटबंदीवरच्या पवनचक्क्यांकडे जावे, स्थानिक दुकानात बसून जेवावे, असे पालिका सुचवते. चार माणसांचा ब्रुजमधला मुक्काम आमच्या खिशाला झेपणारा नव्हता, हेही खरे. निदान सहाची गाडी सोडून आम्ही साडेआठपर्यंत थांबलो आणि एका लहानशा खानावळीत टोमॅटोचे सूप व पाव घेतला. आईने सूप कशाचे आहे हे स्वतः विचारून घेतले, खाणाखुणा करून, मराठीत. मालकिणीने आत जाऊन टोमॅटो, कांदा आणि तेलाची बाटली अशा तिन्ही वस्तू आणून टेबलावर मांडल्या. मगच आईने चमचा उचलला.

परतीच्या गाडीत गेंट आले तेव्हा मुलगी झोपली होती. आईने पर्समधून बेखाइनहोफचे चित्र असलेले पोस्टकार्ड काढले आणि माझ्याकडे पेन मागितले. पत्ता आत्याच्या मुलीचा होता.